सोळा शनिवार

आमच्या आवारात माणसं मोजत नसत. जोडे मोजत.

हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. माझे पणजोबा रोह्याहून नागपुरात आले ते रेल्वेबरोबर, सुतारकामावर. कोकणात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. इथे घाणा कुणी चालवला नाही, पण शनिवार तसाच राहिला. शनिवारी आमच्या सात घरांत कुणी आपल्या हाताने चूल पेटवत नसे, म्हणून गल्लीतले लोक आमच्या जागेला शनवारवाल्यांचं आवार म्हणू लागले. पणजोबांनी स्टेशनपलीकडे ही जागा घेतली, मेहुण्याला बोलावलं, मेहुण्याने चुलतभावांना. तीन बाजूंना कौलारू घरं, सगळ्यांची दारं आतल्या बाजूला. मध्ये विहीर, तिच्याजवळ कवठाचं झाड. चौथ्या बाजूला फाटक आणि त्याला लागून एक लांबट खोली. तिला आम्ही मशीद म्हणायचो, कोकणात म्हणायचे तसं. तिच्या पश्चिमेच्या भिंतीत एक कपाट होतं, त्यात सेफर होता, आमचा धर्मग्रंथ, चामड्यावर हाताने लिहिलेला, मखमलीत गुंडाळलेला. तो पणजोबांनी मुंबईहून मांडीवर ठेवून आणला, असं घरात सांगत.

घरात आमची भाषा कोकणातली, दाराबाहेर नागपुरी. फाटकापाशी रामाजीचा पानठेला होता. आधी तो त्याच्या बापाचा होता. शनिवारी सकाळी आमच्या शेगड्या पेटवून द्यायचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं. बदल्यात आमच्याकडून प्रत्येक सणाला त्यांच्या घरी ताट जायचं. रामाजी म्हणायचा, "तुमचा देव मोठा हुशार हाय. आपल्या मानसाले सुट्टी देते अन् माह्याकडून काम करून घेते."

प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ज्याने त्याने आपापलं म्हणावं, पण सेफर कपाटातून निघत नाही आणि गेलेल्यांमागचा कद्दीश म्हणता येत नाही. आणि जिवंत माणसांची मोजणी करणं आमच्यात वाईट मानतात. म्हणून खोलीबाहेर काढलेले जोडे मोजायची रीत पडली असावी. माझे वडील बिनयामीन रोहेकर आवाराचे मुकादम होते, आणि हजान ठेवायची ऐपत नव्हती म्हणून प्रार्थनाही तेच चालवायचे. पूर्वी रेल्वेत गार्ड होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, पण ऑपरेशनला तयार होत नसत. सगळी तेफिला, म्हणजे प्रार्थना, तोंडपाठ होती, त्यामुळे अडत काही नव्हतं. दर शनिवारी खोलीच्या पायरीशी उभं राहून ते काठीचं टोक एकेका जोडावर टेकवत जात. दहा झाले की आत जाऊन सुरुवात करत.

माझी आई गेली एकोणसत्तरच्या ऑक्टोबरमध्ये. तोवर आवारातली चार घरं रिकामी झालेली होती. पन्नास साली पहिलं कुटुंब इस्राएलला गेलं तेव्हा सगळं आवार स्टेशनवर निरोपाला गेलं होतं, नंतर नंतर कुणी जायचं तर दोघं-तिघंच पोचवायला जात. माझा धाकटा भाऊ शमशोन तेव्हा चोवीस वर्षांचा, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्याचेही कागद तयार होऊन आले होते, पण आईमुळे सगळं थांबलं.

आईबापामागे मुलाने अकरा महिने कद्दीश म्हणायचा असतो. त्यात मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. तेवढ्याने गेलेल्या माणसाची वाट सोपी होते असं आम्ही मानतो. मुलीने म्हणायचा नसतो. मी थोरली, चौतीस वर्षांची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका, आईचं शेवटचं सगळं मी केलेलं, पण कद्दीश शमशोनचाच.

शोकाचे सात दिवस संपले त्या संध्याकाळी बाबांनी त्याला समोर बसवलं. म्हणाले, "दहा आहेत तोवर इथे म्हण. दहा मोडले तर एक दिवस थांबू नकोस. तिकडे जा आणि तिकडे म्हण. तिचे अकरा महिने पुरे झाले पाहिजेत."

शमशोनने मान हलवली. मी पलीकडे भांडी लावत होते. ते दहा किती कच्चे आहेत, हे मला तेव्हाच दिसत होतं.

आवारातले सात आणि बाहेरून येणारे तीन. बाहेरच्यांत एक हायेमकाका अष्टमकर. अजनीच्या केबिनमध्ये सिग्नलवर होते, बायको जाऊन खूप वर्षं झालेली, एकुलता मुलगा इस्राएलात. फार कमी बोलायचे, कारण बोलताना अडखळायचे. शनिवारी अजनीहून चालत येत, शेवटच्या बाकावर दाराशी बसत आणि शेवटचं गाणं सुरू झालं की ड्यूटीसाठी उठून जात. त्यांचा डावा पाय थोडा ओढायचा, त्यामुळे त्या जोड्याची टाच बाहेरून झिजलेली असायची. काठी त्यावर टेकली की बाबा हलकेच म्हणत, "हायेम आला."

होळीचा सण झाला, ज्याला पुस्तकात पुरीम म्हणतात तो, त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी हायेमकाका आमच्या ओसरीवर आले. बाबा आत झोपले होते. काकांच्या हातात बुटांचं खोकं होतं. मुलाने बोलावलं होतं आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघायचं होतं. आईचा कद्दीश पुरा होईपर्यंत येईन असा शब्द त्यांनी बाबांना दिला होता, तो मोडत होता. ते अडखळत म्हणाले, मला बिनयामीनला तोंड दाखवता येत नाही, तू सांग. मग ओसरीवर बसून त्यांनी खोक्यातले नवे बूट पायात घातले आणि जुने तिथेच ठेवले. कुणा गरिबाला दे म्हणाले.

बाबा उठले तेव्हा मी चहा दिला. सांगायचं होतं. कप खाली ठेवला की सांगू, म्हटलं. कप खाली ठेवला. मग शमशोन कामावरून आला, त्याने विहिरीवर हातपाय धुतले, काहीतरी गुणगुणत होता. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तो गुणगुणताना दिसला. मी काही बोलले नाही.

शनिवारी सकाळी मी तो जुना जोड बाकीच्या नऊ जोडांच्या रांगेत ठेवला.

मी त्या वेळी मनाशी काय म्हटलं ते आठवतं. एकच शनिवार, म्हटलं. अजून कुणी बदली होऊन येईल, कामठीला आमच्यातला एक जण असतो, तो येईल, मग काढून टाकीन. बाबांनी काठी टेकवली, नऊ, आणि दहाव्यावर थांबून म्हणाले, "हायेम आला." आत गेले. कपाट उघडलं, सेफर निघाला, शमशोन पुढे बाबांच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने कद्दीश म्हटला. आम्ही दोघी-तिघी बायका पडद्यामागे असायचो. मी आमेन म्हटलं. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा हळूच बाहेर जाऊन जोड उचलला आणि विहिरीमागे ठेवला.

आतल्या नऊ माणसांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. शेवटचा बाक रिकामा होता. पण माणसं मोजायची नसतात. प्रत्येकाला ती खोली उघडी हवी होती, आणि कुणी मोजलं नाही. तिसऱ्या शनिवारी दानियेलकाका सोगावकर लवकर आले, तेव्हा मी जोड ठेवतच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जोडाकडे पाहिलं. म्हणाले, "हायेमचेच ना? म्हणजे बिचारा तिकडे अनवाणी फिरतोय वाटतं." आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसले.

त्यांच्या त्या एका वाक्याने मला धीर आला. मला वाटलं, मी एकटी नाही.

पुढे उन्हाळा आला. विहीर तळाला गेली. शाळेला सुट्टी लागली आणि मी शमशोनसाठी रोज त्याच्या आवडीचं करू लागले, जणू तो पाहुणा होता. त्याची पेटी माळ्यावर होती ती मी खाली काढली, त्यात गोधड्या भरल्या. खरं सांगायचं तर तेव्हा मला आईच्या महिन्यांची आठवण नव्हती. मला एवढंच दिसत होतं की हा गेला की या घरात मी आणि बाबा, आणि पुढे कधीतरी मी. आईच्या नावावर मी माझं साधत होते, पण तसा शब्द मी स्वतःशीही उच्चारला नाही. शनिवार येत होता, जोड ठेवत होते, उचलत होते.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी पाऊस लागून राहिला होता. जोडे भिजू नयेत म्हणून सगळ्यांनी ते पायरीवर आत सरकवून ठेवले होते. बाबा नऊ जोड पार करून दहाव्यावर आले, आणि त्याच वेळी छत्री मिटत एक अनोळखी गृहस्थ फाटकातून आले. पोस्टातले इन्स्पेक्टर होते, पेणकर नावाचे, मुंबईहून दौऱ्यावर आलेले. इथे मशीद आहे हे ऐकून विचारत विचारत आले होते. त्यांनीही बूट काढले. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्यांचा हात धरूनच ठेवला.

"आज अकरा," बाबा म्हणाले. "किती दिवसांनी अकरा."

मी पडद्यामागे उभी होते. आता जोड उचलता येत नव्हता. बाबांची काठी त्यावरून गेली होती.

पेणकर शिकलेले होते, मुंबईच्या मोठ्या मशिदीत जाणारे. तिथे मोजायची निराळी रीत होती. स्तोत्रांतलं दहा शब्दांचं एक वाक्य आहे, तुझ्या लोकांना तार, असं. एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द म्हणायचा. वाक्य पुरं झालं की दहा पुरे झाले. ते त्यांनी सवयीने पुटपुटत केलं. मला त्यांचे ओठ दिसत होते. शेवटचा शब्द त्यांच्या स्वतःवर आला.

ते साधेपणाने म्हणाले, "मुकादम, सुरू करा. दहा झाले. अकरावे येतील मागून."

"अकराही आतच आहेत," बाबा म्हणाले.

"नाही, आत दहा आहेत."

खोलीत कुणी हललं नाही. बाबांनी मान थोडी तिरकी केली, शेवटच्या बाकाकडे.

"हायेम," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा, जरा हळू, "हायेम?"

दानियेलकाकांनी खाली पाहिलं. बाबा काठी टेकत बाहेर पायरीवर आले. सगळ्यांना म्हणाले, या आणि आपापले जोडे घाला. काहून विचारायची कुणाची हिंमत नव्हती. एकेक जण आला, जोडे घातले, पावसात उतरून उभा राहिला. शमशोन, दानियेलकाका, त्यांचे दोन मुलगे, सगळे. पेणकर गोंधळून आपल्या बुटांची नाडी बांधत होते. शेवटी पायरीवर दोनच जोड राहिले. एकात बाबांनी पाय घातले. दुसऱ्यापाशी ते खाली बसले, डावा उचलला आणि अंगठ्याने टाच चाचपली.

मी पुढे गेले. ते माझ्याकडे वळले नाहीत. उठले, आपले जोडे पुन्हा काढले आणि म्हणाले, "आज दहा आहेत. चला."

त्या दिवशी सगळी प्रार्थना त्यांनी पुरी केली, एकही शब्द न चुकता. शमशोनने कद्दीश म्हटला. चार महिन्यांत तो पहिला खरा कद्दीश होता. आमेन म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी जेवण बाजूला सारलं. शमशोन दारात उभा होता. बाबांनी मला विचारलं, केव्हापासून. मी सांगितलं, होळीच्या सणानंतर. हायेमकाकांचा निरोप सांगितला, जो चार महिने उशिरा पोचत होता. ते बोटांची पेरं मोजत राहिले.

"सोळा शनिवार," ते म्हणाले.

"बाबा, मी काढणारच होते. कुणी दहावा आला की—"

"तू हे आईसाठी केलंस?"

मी त्यांनी बाजूला सारलेलं ताट उचललं.

"दहा मोडले तर तिकडे जा म्हणालो होतो ना मी याला? तिथे माणसांचा तोटा आहे का? हा एप्रिलमध्ये गेला असता तर एक दिवसही चुकला नसता. तू याला ठेवून घेतलंस, मिल्का. आणि तिचे चार महिने गेले."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी काहीतरी बोलले असते.

शमशोन तीन आठवड्यांत निघाला. बाबांनी दुसऱ्याच दिवशी त्याला कागद घेऊन मुंबईला पाठवलं. परत आल्यावर मी माझ्या हाताने पेटीतल्या गोधड्या काढून त्याचे कपडे भरले. स्टेशनवर आम्ही दोघंच होतो. गाडी हलायच्या आधी तो खिडकीतून म्हणाला, "ताई, मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहायचं नाही, असं ठरवलं होतं मी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे त्यालाही कळत होतं. कदाचित त्यालाही जायचं नव्हतं. पण हे तो बाबांसमोर बोलला नव्हता आणि आता बोलून उपयोग नव्हता. मी त्याला म्हटलं, पोचल्याबरोबर म्हणायला लाग.

मशिदीला बाबांनी कुलूप लावलं. सेफर मुंबईच्या मशिदीत द्यावा म्हणून त्यांनी पत्र लिहवून घेतलं. ते माझ्याकडून नाही, दानियेलकाकांच्या मुलाकडून. मला वाटलं, रागात आहेत, होईल कमी.

नव्याचा सण तोंडावर आला होता, आमचं वर्ष बदलायचे दिवस. तेव्हा शमशोनचं पहिलं मोठं पत्र आलं. मी शाळेतून आले तर बाबा ओसरीवर ते मांडीवर घेऊन बसलेले. पाकीट फोडलेलं नव्हतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला काही वाचायला सांगितलं होतं. मी पाकीट फोडलं.

पत्र मराठीत होतं. दिमोनाला खोली मिळाली, गिरणीत काम मिळालं, पाण्याला वेगळीच चव आहे. मग आईचं. रोज पहाटे कामाच्या आधी पंधरा-वीस माणसं जमतात. अकरा महिने भरेपर्यंत अठरा दिवस मिळाले, एकही चुकवला नाही. पुढे लिहिलं होतं, इथल्या धर्मगुरूंना, रब्बींना, मी सगळं सांगितलं आणि विचारलं, राहिलेले चार महिने आता भरून काढता येतील का.

त्यापुढची ओळ मी आधी डोळ्यांनी वाचली.

ते म्हणाले, नाही. महिने मरणाच्या दिवसापासून चालतात. जे म्हटले नाहीत ते मागून म्हणता येत नाहीत. आईच्या नावाने दानधर्म कर, आणि वडिलांना सांग, दुःख करू नका.

बाबा मान पुढे करून बसले होते. त्यांच्या तोंडावर आशा दिसत होती. इतक्या दिवसांत मी ती पाहिली नव्हती. मला फक्त एक शब्द बदलायचा होता. 'नाही'च्या जागी 'हो'. ते कधी तिकडे जाणार नव्हते, कुणाला विचारणार नव्हते. चार महिने म्हणून होतील, मग मी एक पत्र वाचेन की पुरे झाले. त्यांची झोप परत येईल. आई सुटली असं समजून ते जातील.

मी होतं तसं वाचलं. 'नाही'सुद्धा वाचलं. शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

 पलीकडे रामाजीच्या ठेल्यावर कुणीतरी सुपारी कातरत होतं.

"असंच लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"असंच, बाबा."

"म्हणजे त्याने तसंच लिहिलंय. तू नाही."

"त्यानेच लिहिलंय."

त्यांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. ते त्यांनी घडीवर घडी घालून मुठीत धरलं, काठी घेतली आणि पायऱ्या उतरले. मी धरायला गेले तर काठीनेच मला थांबवलं. भिंतीच्या कडेकडेने, कुलूप लावलेल्या खोलीवरून, ते फाटकापर्यंत गेले.

रामाजी म्हणाला, "काका, काहून आले? मले हाक मारली असती."

बाबांनी पत्र त्याच्यापुढे धरलं.

"मिल्काबाईनं नाही वाचून देल्ली काय चिठ्ठी?"

"दिली," बाबा म्हणाले. "तू वाच."

रामाजीने चुन्याचा हात धोतराला पुसला. तो चौथीपर्यंत शिकलेला. एकेक अक्षर लावत, कद्दीश शब्दाशी अडखळत, तो मोठ्याने वाचू लागला. बाबा मध्ये मध्ये त्याला शब्द सांगत होते. मी ओसरीवर उभी होते. दिमोना झालं, गिरणी झाली, पाणी झालं. त्या ओळीपाशी तो आला, थांबला, त्याने बाबांकडे पाहिलं, आणि मग जे लिहिलं होतं तेच वाचलं.

बाबा पुढे सहा वर्षं जगले. शमशोनची पत्रं महिन्याला एक यायची. प्रत्येक पत्र आधी मी वाचायचे, आणि मग ते फाटकाशी जायचे.